लेकरू आणायला गाडी नको ठरवू

बाबू,

तुझा रात्रीचा मेसेज सकाळी पाह्यला. गाडी सांगून ठेवली, सोबत दोन मित्र, अन् रविवारी पोरीच्या आईच्या माहेरी जाऊन आपल्या पोरीला उचलून आणतो म्हणून लिहून राहिला तू. आधी ती गाडी रद्द कर, मग पुढचं वाच.

बापावर अपहरणाची केस लागत नाही असं तुला कोणीतरी सांगितलं म्हणतो तू, त्यात थोडं खरं आहे. भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या आयपीसीच्या जागी आली ती) कलम १३७ मध्ये लग्नाविना झालेल्या लेकराला, आपण बाप आहो असं मनापासून समजून नेणाऱ्याला सूट आहे, हेतू वाईट नसला तर. पण त्यानं फार तर तो गुन्हा टळेल, पोरीचा ताबा नाही भेटत त्यानं. पोरीची आई नागपूर खंडपीठात हेबियस कॉर्पस, म्हणजे पोरीला कोर्टापुढं हजर करा असा अर्ज, टाकू शकते, अन् तिथं तुला पहिलं हेच विचारतील की साडेतीन वर्षांची पोर आईजवळून ओढून काहून नेली. माझ्याकडे असाच एक पोरगा आला होता, लेकराला शाळेतून परस्पर घेऊन गेला अन् मग वकील शोधत आला. माणूस वाईट नव्हता रे, पोरावर जीव होता त्याचा, पण पुढं मी कोर्टात काहीही बोललो तरी ती एक गोष्ट आधी उभी राहायची.

आता कायदा ऐक. तुमचं लग्न झालं नाही, ना रजिस्टर ना देवळात. १९५६ च्या हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्याच्या कलम ६ प्रमाणे अशा लेकराची नैसर्गिक पालक आधी आई, तिच्यानंतर बाप. लग्नाच्या लेकराला बाप आधी लिहिला आहे, इथं उलट. (कायद्यात अशा लेकराला अनौरस म्हणतात, मला तो शब्द तोंडातून काढवत नाही, लेकराचा काय दोष.) तुमच्या गावाजवळच्या कोलाम आदिवासींच्या पोडावर (वस्तीवर) असं भांडण निघालं तर हा कायदा लागत नाही, अनुसूचित जमातींना त्यातून वगळलं आहे, तिथं १८९० चा पालक व पाल्य कायदा अन् त्यांची रूढी पाहावी लागते. तुला मात्र हाच लागते.

पण त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये लेकराचं हित सगळ्यात वर ठेवलं आहे, आईचा हक्क असो की बापाचा, तो त्याच्या खाली. तुझं दार तिथं उघडं आहे. जज्ज काय पाहते माहीत आहे का? पोर कोणाजवळ झोपते, ताप आला तर कोण जागते, लसीचं कार्ड कोणाजवळ आहे, अंगणवाडीत कोण सोडते. मोठं लेकरू असलं तर त्यालाही विचारतात, एका नऊ वर्षांच्या पोरानं जज्जसाहेबाला सांगितलं होतं की माझी शेळी आजीकडे आहे, मी तिथंच राहतो, अन् साहेबानं ते हसण्यावारी नेलं नव्हतं. तुझी पोर अजून लहान आहे, तिला नाही विचारणार, तुला विचारतील. बुटीबोरीत तू नाईटला गेला की खोलीवर तिच्याजवळ कोण? पगार जास्त आहे म्हणून ताबा भेटत नाही बावा, तिचा कमी असला तर कोर्ट तुलाच खर्च द्यायला लावते.

अन् ती पोरीला आजीजवळ ठेवून कापूस वेचायला जाते म्हणून हलगर्जी आहे, हे लिहिलंस ते मला आवडलं नाही. तुझी माय पण जात होती, तू पण आजीजवळच वाढला.

मग करायचं काय, तर ताबा मागू नको, भेट माग. १८९० च्या कायद्याखाली अर्ज, तोही पोर राहते त्या जिल्ह्यात, म्हणजे यवतमाळात, नागपूरच्या फॅमिली कोर्टात नाही. सुरुवातीला महिन्यातले दोन रविवार, तिच्या गावातच, मग पोर ओळखायला लागली की हळूहळू जास्त. जन्मदाखल्यावर तुझं नाव आहे का ते आधी पाह्य. ती उद्या तुला बाप म्हणून नाकारेल अन् कोर्ट लगेच डीएनए टेस्ट लावेल असं समजू नको, ते इतक्या सहज लावत नाहीत. अन् पैसे या महिन्यापासूनच पाठव, कोर्टाच्या ऑर्डरची वाट पाहू नको, लग्न झालं नसलं तरी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (जुन्या सीआरपीसीच्या जागी आली ती) कलम १४४ खाली लेकराचा खर्च बापावर येतेच. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टानं एका अविवाहित आईला बापाला नोटीस न देताच पालकत्व मागायची परवानगी दिली, कारण त्या बापानं लेकराची कधी चौकशीच केली नव्हती. तू वर्षभर गेला नाही, बाबू. भांडण होतं तिच्याशी, पण पोरीच्या हिशोबात ते वर्ष रिकामंच आहे.

तिला तालुका विधी सेवा समितीतून फुकट वकील भेटेल, बाई असो की लेकरू, मिळकत न पाहता भेटते. त्याचा राग धरू नको. तिथं समेटाची बोलणी पण होतात, कदाचित अर्ज टाकायच्या आधीच जमेल.

रविवारी जायचं तर जा, पण एकटा, दिवसा, अन् आधी फोन करून. नाही म्हटली तर परत ये, दारात उभं राहून आवाज करू नको. सोमवारी अकराला पांढरकवड्याच्या कोर्टात बार रूममध्ये भेट, जन्मदाखला अन् फोनपेचं स्टेटमेंट घेऊन ये, फी-बिचं नंतर पाहू.

तुझा,
वकील काका