अनुदान येईल तेव्हा येईल, विजेचं बिल कोण भरणार?

मार्च जवळ आला की या सदराचं टपाल एका रंगाचं होतं. बहुतेक पत्रं वाचनालयांच्या सरकारी अनुदानाची. त्यातली काही इथे घेते. गावांची नावं मुद्दाम काढली आहेत, कारण उद्या तपासणी याच मंडळींची व्हायची आहे.

प्रश्न : ताई, आमचं मराठवाड्यातल्या एका खेड्यातलं 'ड', म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाचं वाचनालय आहे. मी कार्यवाह. यंदाचा दुसरा हप्ता अजून आलेला नाही. ग्रंथपाल म्हणून काम करणाऱ्या मुलीचे पैसे दिवाळीपासून थकले आहेत. विचारायला गेलं की 'वरून आलं नाही' एवढंच ऐकायला मिळतं. पारावर लोक म्हणतात, सगळा पैसा लाडक्या बहिणींना गेला. अनुदान हा आमचा हक्क नाही का? सरकार ते असं अडवू शकतं का?

उत्तर : अडवू शकतं. तुम्हाला हे उत्तर आवडणार नाही, पण गोड बोलून तुमचा मार्च निघणार नाही.

आपला सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७चा, १ मे १९६८पासून लागू झालेला. त्यात ग्रंथालय निधी आहे आणि सरकारने दरवर्षी त्यात किमान २५ लाख रुपये घालायचे, असं लिहिलेलं आहे. तेव्हा ही रक्कम मोठी होती. आज हिशेब करून बघा. 'ड' वर्गाचं वार्षिक अनुदान ३०,००० होतं, २०२२मध्ये मंत्रिमंडळाने ६० टक्के वाढ दिली, म्हणजे ४८,०००. पंचवीस लाखांत तुमच्यासारखी बावन्न वाचनालयं भागतील. एवढी तर एखाद्या जिल्ह्यातच निघतील. बाकी सगळं त्या-त्या वर्षीच्या अर्थसंकल्पावर आणि मंत्रालयातल्या मर्जीवर. त्यामुळे वित्त विभागाने हात आखडता घेतला तर कायदा मोडत नाही, फक्त तुमच्या ग्रंथपालाचा महिना मोडतो.

आता 'वरून' म्हणजे कुठून ते समजून घ्या, म्हणजे नेमकं विचारता येईल. अर्थसंकल्पात तरतूद झाली म्हणजे पैसे आले असं नसतं. वित्त विभाग ती तरतूद टक्क्या-टक्क्याने सोडतो. ४ मे २०२०चा शासन निर्णय आठवा. कोरोनात तिजोरी आटली तेव्हा विभागांना तरतुदीच्या ३३ टक्केच निधी मिळेल, असं त्यात स्पष्ट होतं. तेव्हा ते कागदावर होतं एवढाच फरक. एरवीही हात आखडता घेतला जातो, पण त्याचा गाजावाजा होत नाही. सुटलेला निधी उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडून मुंबईच्या ग्रंथालय संचालनालयात येतो, तिथून जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे आणि मग तुमच्या खात्यात. म्हणून 'अनुदान कधी?' असं विचारू नका. 'यंदाच्या तरतुदीपैकी किती टक्के निधी वितरित झाला, आपल्या कार्यालयाला कोणत्या तारखेला मिळाला आणि आमचा प्रस्ताव कोणत्या टेबलावर आहे?' असं विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. पुष्कळदा अर्जाची पोच हातात पडायच्या आतच फाइल हलते.

लाडक्या बहिणींचं म्हणाल, तर ती योजना २०२४च्या जुलैपासूनची आणि हप्ता रखडण्याचं दुखणं त्याच्या कितीतरी आधीचं. त्या योजनेचा तिजोरीवर भार आहे, हे खरं. पण २०२५-२६चा राज्याचा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा होता. त्यात सगळ्या वाचनालयांचं मिळून अनुदान इतकं चिमूटभर आहे की ते वाचवून कुणाचं काही भागत नाही. ते अडतं ते चिमूटभर आहे म्हणूनच. शिक्षकांचे पगार थांबले तर मोर्चा निघतो, एसटी थांबली तर बातमी होते. वाचनालयाचं कुलूप महिनाभर तसंच राहिलं तर दोन पेन्शनर हळहळतात. आणि बहिणींशी भांडण्याआधी त्यांच्यातल्या किती जणी तुमच्या सभासद आहेत, ते वर्गणीच्या पावतीपुस्तकात बघा.

राहिला त्या मुलीचा प्रश्न. अनुदानातली निम्मी रक्कम वेतनाची. ४८,०००चे निम्मे २४,०००, म्हणजे महिन्याला दोन हजार. याला पगार म्हणायची मला लाज वाटते. ग्रंथालयांच्या प्रश्नांवर सरकारची प्रभा राव समिती झाली, व्यंकप्पा पत्की समिती झाली, कर्मचाऱ्यांच्या वेतनश्रेणीची मागणी मात्र आहे तिथेच आहे, कारण कायद्याने ती मुलगी सरकारची नोकर नाही, तुमच्या संस्थेची आहे. तेव्हा तिचे पैसे देणं ही पहिली जबाबदारी कार्यकारिणीची, म्हणजे कार्यवाह महोदय, तुमची. सभा घ्या, 'अनुदान येईपर्यंत संस्थेच्या शिल्लक निधीतून वेतन द्यावे व अनुदान आल्यावर समायोजित करावे' असा ठराव करा आणि ३१ मार्चच्या आत तिच्या बँक खात्यात रक्कम भरा. रोख नको. अनुदान मान्य खर्चाच्या ९० टक्के असतं, वर्गाच्या कमाल मर्यादेपर्यंत. पैसे आले नाहीत म्हणून खर्चच केला नाही, तर लेखापरीक्षणात तो दिसणार नाही आणि पुढच्या वर्षी मागायला तोंड राहणार नाही. शिल्लक निधीच नसेल तर गावातल्या चार जणांकडून बिनव्याजी हातउसने घ्या, पण तेही ठरावाने आणि किर्दीत नोंद करून.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक आणि एका जुन्या नगर वाचनालयाचा आजीव सभासद. कर्नाटक, तामिळनाडू, केरळ इथे मालमत्ता करासोबत ग्रंथालय उपकर घेतात. महाराष्ट्रात तो का नाही? लावला तर दरवर्षीचं हे रडगाणं संपणार नाही का?

उत्तर : सर, निम्मं संपेल.

उपकराचा पायंडा मद्रासच्या १९४८च्या कायद्याने पाडला. त्यामागे ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन होते. कर्नाटकाने १९६५मध्ये तोच मार्ग धरला. त्याही आधी, १९४५मध्ये, कोल्हापूर संस्थानाने ग्रंथालयांचा कायदा केला होता, देशातला पहिला. म्हणजे कायद्याची कल्पना आपल्याला परकी नव्हती. पण इथली परिस्थिती वेगळी होती. रत्नागिरीचं वाचनालय १८२८चं, नाशिकचं १८४०चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८चं. लोकांनी वर्गणी काढून वाचनालयं आधीच उभी केली होती. आपल्या कायद्याने मुख्यतः त्यांनाच मान्यता आणि अनुदान द्यायचं ठरवलं. जनतेवर नवा करही नको होता. तिकडे ग्रंथपाल सरकारी नोकर झाला, इकडे तो संस्थेचा राहिला. कार्यकारिणीला स्वातंत्र्य मिळालं, भाकरी मात्र दुसऱ्याच्या तव्यावर.

उपकराचा फायदा असा की पैसा त्या कामासाठीच गोळा होतो. तोटा असा की तो गोळा करते नगरपालिका-महापालिका आणि एकदा तिच्या तिजोरीत पडला की बाहेर निघता निघत नाही. कर्नाटकात थकलेल्या उपकरासाठी ग्रंथालय खात्याला वर्षानुवर्षं महापालिकांच्या मागे लागावं लागलं आहे. शिवाय कर मालमत्तेवर, म्हणजे शहरात भरपूर आणि तांड्यावर, पाड्यावर नगण्य. वाचनालयाची गरज नेमकी उलट्या प्रमाणात.

मला विचाराल तर नव्या कराआधी त्या २५ लाखांच्या ओळीला हात घालायला हवा. रकमेऐवजी तिथे अर्थसंकल्पाची टक्केवारी आली, अगदी दशांश टक्का का असेना, की तिजोरी वाढेल तसा निधी वाढेल आणि अडचणीच्या वर्षी कात्री लागली तरी ती इतरांइतकीच लागेल. ग्रंथालय संघाच्या अधिवेशनांत ठराव होतात ते बहुधा अनुदान दुप्पट करा, वेतनश्रेणी द्या असे. योग्यच आहेत. पण ते मागणं दरवेळी नव्याने मागावं लागतं. तुमच्या आमदारांना पत्र लिहाल तेव्हा या एका दुरुस्तीचं लिहा. अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडता येतं, हे त्यांना बहुतेक ठाऊक असतं, पण आठवण केलेली बरी.

प्रश्न : मी तालुक्याच्या 'ब' वर्ग वाचनालयात ग्रंथपाल आहे. पैसे नाहीत म्हणून कार्यकारिणीने तीन वर्तमानपत्रं बंद करायचं आणि संध्याकाळी सहालाच वाचनालय बंद करायचं ठरवलं आहे. उलट अभ्यासिकेची फी वाढवायला त्यांचा विरोध आहे, 'पोरं गरीब आहेत' म्हणतात. काय करू?

उत्तर : वर्तमानपत्रांवर भांडू नका, वेळेवर भांडा.

वाचनालय रोज किती तास उघडं असावं हे वर्गानुसार ठरलेलं आहे. वेळ कमी केली आणि तपासणीत ते निघालं तर वर्ग खाली येईल आणि वाचवलेल्या विजेच्या कितीतरी पट अनुदान जाईल. त्यापेक्षा मोठं कारण म्हणजे सहानंतर येतात ते दुकानात, कारखान्यात, शाळेत दिवस काढून येणारे. सकाळी येणाऱ्यांना दुपार असते, त्यांना नसते.

वर्तमानपत्रांचं असं करा. आठवडाभर टेबलापाशी बसून बघा कुठला अंक कुणी उघडतं. कोपऱ्यांना बोटांचे डाग पडलेले, शब्दकोडं भरून टाकलेले अंक ठेवा. संध्याकाळी घडी न मोडता रद्दीत जातो तो बंद करा. रोजगारविषयक साप्ताहिक बंद करू नका, त्यावर झुंबड असते. रद्दीचे पैसे किर्दीत जमा झालेच पाहिजेत, शिपायाच्या चहात नाही.

अभ्यासिकेबाबत मी कार्यकारिणीच्या विरुद्ध आहे. स्पर्धा परीक्षेची मुलं सकाळी सातला जागा धरतात ते रात्री दिवे मालवेपर्यंत. पंखा, दिवे, मोबाइल-लॅपटॉपचं चार्जिंग, पिण्याचं पाणी. वाचनालयाच्या बिलात सर्वात जास्त भर याच खोलीची असते. अभ्यासिकेला वेगळा सबमीटर बसवा आणि महिन्याचा आकडा फळ्यावर लिहा. मुलांना हिशेब कळतो. ज्याला खरंच परवडत नाही त्याला पुस्तकांच्या देवघेवीवर रोज तासभर बसवून फी माफ करा. मात्र सरसकट माफी देऊन सहाला कुलूप लावलंत तर त्या गरीब पोरांचंच नुकसान आहे.

कपाटं, टेबलं, इमारतीची डागडुजी यांसाठी राज्याच्या अनुदानाची वाट बघू नका. कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२पासून याच कामासाठी आहे. अर्ज संचालनालयामार्फत जातो आणि काही योजनांत स्वतःचा हिस्सा भरावा लागतो. कंपनी कायदा २०१३च्या सातव्या अनुसूचीत सार्वजनिक ग्रंथालयं उभारणं हे सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी नफ्यातून करायच्या समाजकार्याचं, काम म्हणून नोंदलेलं आहे. तुमच्या एमआयडीसीत मोठी कंपनी असेल तर तो उतारा अर्जाला जोडा. त्याआधी संस्थेची आयकर खात्याकडे बारा-ए व ऐंशी-जी आणि कंपनी मंत्रालयाकडे सीएसआर-१ नोंदणी झालेली हवी. सहकारी साखर कारखाना कंपनी नव्हे, त्याला हा कायदा लागत नाही. तिथे चेअरमनसाहेबांच्या ओसरीवरच बसावं लागेल.

प्रश्न : ग्रंथखरेदीला पैसे नाहीत, म्हणून लोकांकडून जुनी पुस्तकं मागवतो आहोत. चालेल ना?

उत्तर : चालेल, पण 'जे असेल ते द्या' असं फलकावर लिहू नका. नववीची गाइडं, गेल्या दशकातल्या डायऱ्या आणि वाळवी, तिन्ही एकाच पोत्यातून येतील. हव्या असलेल्या पुस्तकांची यादी लावा. आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत 'देणगी' असा शेरा मारून चढवा, देणाऱ्याला पोच द्या आणि ते चुकूनही खरेदीत दाखवू नका. लेखापरीक्षक बिल मागेल.