१९-३१ असताना मी तिकिटांतला वाटा सोडला होता

वॉशिंग्टनच्या नॅशनल्स या बेसबॉल संघाची सुरुवात इतकी निराशाजनक झाली आहे की उरलेल्या सामन्यांची सगळी तिकिटे आत्ताच विकून टाकावीत आणि मित्रांसोबत मिळून घेतलेल्या सीझन तिकिटांतला आपला वाटाही सोडून द्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला, कारण मे २०१९ मध्ये मी नेमके हेच केले होते. म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

त्या वर्षी आमचा स्टार खेळाडू ब्राइस हार्पर आम्हाला सोडून फिलाडेल्फियाला गेला होता. २ एप्रिललाच बंट करताना, म्हणजे चेंडू बॅटने हलकेच अडवताना, तो लागून ट्रे टर्नरचे बोट मोडले आणि पुढे रेंडन व सोटो हेही काही काळ बाहेर बसले. पण खरा जीव जायचा तो नऊपैकी आठव्या इनिंगमध्ये, कारण स्टार्टरने, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या गोलंदाजाने, सहा-सात इनिंग सांभाळून आणलेला सामना बुलपेनचे, म्हणजे राखीव गोलंदाजांचे, दार उघडले की हातातून निसटायचा. २० ते २३ मे या चार दिवसांत मेट्सने न्यूयॉर्कमध्ये आम्हाला चारही सामन्यांत हरवले. २२ तारखेला आठव्या इनिंगमध्ये राजाय डेव्हिसने तीन धावांचा होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारा फटका) मारला, २३ तारखेला पुन्हा आठव्याच इनिंगमध्ये कार्लोस गोमेझने तसाच होमरन मारला आणि आम्ही ६-४ असे हरलो. त्याच सामन्यात मॅनेजर डेव्ह मार्टिनेझ यांना अंपायरने बाहेर काढले, तेव्हा त्यांनी संतापाने टोपी मैदानावर फेकली. ऑफिसात फोनवर ते दृश्य पाहताना हा हंगाम संपला याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका उरली नव्हती. पन्नास सामन्यांत १९ विजय आणि ३१ पराभव झाले होते.

माझी चूक त्या संध्याकाळची आहे. आम्ही चार कुटुंबांनी मिळून दोन जागा घेतल्या होत्या. घरच्या ८१ सामन्यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला साधारण वीस सामने येत आणि खाते आमच्यातल्या एका मित्राच्या नावावर होते. ‘माझा उरलेला वाटा कोणालाही दे, मला आता यात राहायचे नाही,’ असा ईमेल मी त्याला पाठवला. दोन दिवसांत त्याच्या ऑफिसातल्या एका कुटुंबाने तो अर्ध्या किमतीत घेतला. पैसे अर्धे गेले, याचे मला आजही फारसे वाटत नाही. वाईट याचे वाटते की सामन्यांची तिकिटे विकणे आणि वाटा सोडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, हे मी रागाच्या भरात लक्षात घेतले नाही. प्लेऑफची तिकिटे आधी घेण्याचा हक्क सीझन तिकिटांबरोबर येतो, आणि वाट्याबरोबर तो हक्कही मी देऊन बसलो. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. फ्रिजवर चुंबकाखाली लावलेल्या वेळापत्रकात आमच्या सामन्यांभोवती तिने लाल पेनने गोल केले होते. मी तिला काही विचारले नव्हते, फक्त सांगितले.

पुढचे सर्वांना माहीत आहे. उरलेल्या ११२ सामन्यांपैकी संघाने ७४ जिंकले. १ ऑक्टोबरला मिलवॉकीविरुद्धच्या वाइल्ड कार्ड सामन्यात, म्हणजे हरणारा तिथेच बाहेर जातो अशा एकाच सामन्यात, आठव्या इनिंगमध्ये आम्ही ३-१ ने मागे होतो. समोर त्यांचा गोलंदाज जॉश हेडर होता आणि इनिंग संपवणाऱ्या तीनपैकी दोन जण बाद झाले होते. त्या स्थितीत रायन झिमरमनने बॅट मोडूनही चेंडू मैदानात टाकला, रेंडनने वॉक (चार चुकीच्या चेंडूंवर मिळणारा पहिला बेस) मिळवला आणि सोटोचा फटका उजव्या बाजूच्या क्षेत्ररक्षकाला नीट अडवता न आल्याने बेसवरचे तिघेही धावत घरी आले. आमच्या जागांवर त्या रात्री ते दुसरे कुटुंब उभे राहून ओरडत होते. आम्ही दोघे घरी टीव्हीसमोर होतो, आणि मुलीने मला एवढेच विचारले की आपली जागा यात कुठे दिसते आहे का. पुढे डॉजर्सविरुद्ध दहाव्या, म्हणजे जादा इनिंगमध्ये हॉवी केंड्रिकचा ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असतानाचा होमरन) झाला, कार्डिनल्सना संघाने चार सामन्यांत संपवले आणि ३० ऑक्टोबरला ह्यूस्टनमध्ये वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेचा सातवा सामना जिंकून वॉशिंग्टनला १९२४ नंतरचे पहिले विजेतेपद मिळाले.

वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यासाठी मी एका तिकीट पुनर्विक्री संकेतस्थळावरून दुपटीहून कितीतरी जास्त पैसे मोजून दोन तिकिटे घेतली. सामन्याच्या दुपारी विक्रेत्याने ती रद्द केली. ग्राहक सेवेतील बाईंनी तीन वेळा तोच नियम वाचून दाखवला आणि पैसे परत यायला तब्बल सहा आठवडे लागले. अशा ठिकाणी शेवटच्या क्षणी तिकीट मिळेल या भरवशावर कोणीही आपला हक्क सोडू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता तुमच्याबद्दल लिहितो. आपल्यापैकी बहुतेकांचे मन क्रिकेटवर घडलेले असते. आयपीएलमध्ये साखळीचे सामने चौदा असतात, त्यामुळे पहिले चार हरले की गळ्याशी आले असे वाटते, आणि तरीही २०१५ मध्ये मुंबई इंडियन्सने पहिले चारही सामने हरून विजेतेपद मिळवले होते. इथे तर सामने १६२ असतात. २०२४ मध्ये मेट्सने पहिले पाच सामने गमावले, जूनच्या सुरुवातीला ते २४-३५ असे होते, आणि ऑक्टोबरमध्ये ते वर्ल्ड सिरीजच्या एक पायरी आधीच्या, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत खेळत होते. म्हणून पन्नास सामने होईपर्यंत, म्हणजे साधारण मेअखेरपर्यंत, कायमचा कोणताही निर्णय घेऊ नये, असे मी म्हणतो.

त्या काळात विजय-पराभव मोजण्यापेक्षा संघ कसा हरतो आहे हे पाहावे. स्टार्टर टिकत असतील, जखमी खेळाडू परतणार असतील आणि सामने शेवटच्या दोन-तीन इनिंगमध्ये जात असतील, तर ते दुखणे सर्वांत जास्त छळते, पण बरे होण्याजोगे असते. २०१९ मध्ये ३१ जुलैला डॅनियल हडसनसह तीन रिलीव्हर (स्टार्टरनंतर येणारे गोलंदाज) आणले गेले आणि सातव्या सामन्याचा शेवटचा बाद हडसननेच घेतला. स्टार्टरच तिसऱ्या इनिंगमध्ये कोसळत असतील आणि धावांचा फरक रोज वाढत असेल, तर मात्र आशा धरणे कठीण आहे. शेजारच्या बाल्टिमोरने १९८८ मध्ये पहिले २१ सामने सलग गमावले आणि हंगाम ५४-१०७ वर संपवला. तिथे कोणताही चमत्कार झाला नाही.

प्रत्येक वाईट सुरुवातीचे २०१९ होत नाही, हे मी स्वतः अनुभवले आहे. पुन्हा वाटा घेतल्यानंतर २०२२ चा हंगाम आला, त्या ऑगस्टमध्ये सोटोला सॅन डिएगोला देण्यात आले आणि संघ १०७ सामने हरला. त्या वर्षी मी वीसपैकी अकरा सामन्यांची तिकिटे विकली, बहुतेक तोट्यात विकली, पण वाटा ठेवला. सोटोच्या बदल्यात आलेले सी. जे. एब्राम्स, मॅकेन्झी गोर आणि जेम्स वुड यांना पुढे मुलीने त्याच जागांवरून पाहिले, त्यामुळे मला त्या तोट्याचा पश्चात्ताप नाही.

मी या व्यवहारातला तज्ज्ञ नाही आणि अटी दरवर्षी बदलू शकतात, म्हणून तुमच्या कराराचा कागद स्वतः वाचा आणि प्लेऑफचा हक्क नेमका कोणाच्या नावावर आहे हे खातेदार मित्राकडून लेखी घ्या. पैशांची ओढाताण असेल, तर आठवड्याच्या मधल्या दिवसांचे सामने एकेक करून विका. आणि विकण्याआधी घरातल्या मुलांना विचारा.

चार जुलैचा सामना घरच्या मैदानावर असेल, तर तो शक्यतो विकू नका. तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो. गाडी घेऊन जाण्यापेक्षा मेट्रोच्या ग्रीन लाइनने नेव्ही यार्डला उतरावे आणि दारे उघडतानाच आत जावे. उन्हाच्या बाजूची जागा असेल, तर टोपी आणि पाणी विसरू नका.