कोविडमध्ये कापलेला पगार आता मागता येईल का?

प्रश्न: नवी मुंबईतल्या एका विनाअनुदानित, मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयात मी 23 वर्षं शिकवते आहे. मे 2020 मध्ये प्राचार्यांचा मेल आला की संस्थेच्या अध्यक्षांच्या आदेशावरून एप्रिलपासून पगार 60 टक्केच मिळेल, उरलेला परिस्थिती सुधारल्यावर. सोबत एक गुगल फॉर्म होता, 'वेतनकपातीस माझी स्वेच्छेने संमती आहे'. तो सगळ्यांनी भरला. मार्च 2021 पर्यंत असंच चाललं. जुलै 2020 आणि जुलै 2021 ची वेतनवाढही मिळाली नाही आणि पुढे कधी जोडली गेली नाही. डिसेंबर 2023 मध्ये आम्ही काही जणांनी अर्ज केला, तेव्हा प्राचार्यांचं पत्र आलं (प्रत जोडली आहे). संस्था म्हणते, ती आणीबाणी होती, तुम्ही संमती दिली होती, आता विषय संपला. माझी निवृत्ती जवळ आली आहे. मेहुणे म्हणतात ग्राहक मंचात जा, सहकारी म्हणतात कामगार आयुक्तांकडे जा. मला भीती ही की आत्ता भांडले तर ग्रॅच्युइटी अडवतील. काय करू? (एक वाचक, ऐरोली)

उत्तर: मॅडम, मेहुण्यांचा आणि सहकाऱ्यांचा सल्ला आधी बाजूला ठेवू. तुम्ही महाविद्यालयाच्या ग्राहक नाही, नोकरीत आहात. त्यामुळे ग्राहक आयोगात तुमची तक्रार दाखल करून घेण्याच्या टप्प्यावरच संपेल. शिक्षक हा औद्योगिक कायद्याच्या अर्थाने कामगार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1988 मध्ये गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या प्रकरणात सांगून टाकलं आहे. म्हणजे कामगार आयुक्तांकडे औद्योगिक वाद म्हणूनही हे नेता येणार नाही. तुमचा रस्ता विद्यापीठ कायद्यातून जातो.

आता 'आणीबाणी होती' हा संस्थेचा मुद्दा. आणीबाणी होतीच. 13 मार्च 2020 रोजी राज्यात 1897 चा साथरोग कायदा लागू झाला, 25 मार्चपासून आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली देशभर टाळेबंदी आली. फी येत नव्हती हेही खोटं नाही. मी अशा संस्थांची बाजूही मांडलेली आहे आणि त्या वर्षीचे त्यांचे ताळेबंद पाहिले आहेत. पण आणीबाणीत निर्णय कोणी घ्यायचा, कसा घ्यायचा आणि नंतर तो कोणापुढे ठेवायचा, याचे नियम साथीने पुसले गेले नव्हते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 च्या कलम 12(7) मध्ये तातडीच्या कारवाईचा अधिकार खुद्द कुलगुरूंना दिला आहे आणि तोही मोकाट नाही. कुलगुरूंनी तातडीने काही केलं, तर एरवी तो विषय ज्या प्राधिकरणाकडे गेला असता, त्याला कारणांसह लेखी आणि लवकरात लवकर कळवायचं असतं. मतभेद झाला तर प्रकरण कुलपतींकडे जातं. विद्यापीठाच्या सेवेतल्या माणसावर परिणाम होत असेल तर त्याला 30 दिवसांत विद्यापीठाच्या व्यवस्थापन परिषदेकडे अपील करता येतं. साथीच्या काळात विद्यापीठ चालवणाऱ्या माणसाला कायद्याने एवढीच मोकळीक दिली होती. प्राचार्यांना किंवा संस्थेच्या अध्यक्षांना त्या कलमाने काहीच दिलेलं नाही. तुमच्या अध्यक्षांनी जो अधिकार वापरला, तो त्यांना कुठून मिळाला, हे त्यांनी दाखवायचं आहे. तुम्ही सिद्ध करत बसायचं नाही.

न्यायालयांनीही तेव्हा हाच धागा धरला होता. अंतिम वर्षाच्या परीक्षांचा गोंधळ तुम्हाला आठवत असेल. राज्य सरकारने जून 2020 मध्ये परीक्षा न घेण्याचं ठरवलं, विद्यापीठ अनुदान आयोगाने 6 जुलैला सप्टेंबरअखेर परीक्षा घ्या म्हणून सांगितलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 28 ऑगस्ट 2020 चा निकाल असा की आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली राज्याला परीक्षा पुढे ढकलता येतात, पण परीक्षा न घेताच विद्यार्थ्यांना पदवी देऊन टाकता येत नाही. ढकलणं चालतं, रद्द करून टाकणं चालत नाही. पगाराबाबतही असंच झालं. आंध्र प्रदेश सरकारने मार्च-एप्रिल 2020 चे पगार आणि पेन्शन अंशतः थांबवलं होतं. 8 फेब्रुवारी 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती थकलेली रक्कम सहा टक्के व्याजासह द्यायला लावली, कारण केलेल्या कामाचा पगार हे देणं आहे, मेहेरबानी नाही. तो निकाल सरकारी नोकरांचा आहे, हे संस्थेचे वकील लगेच म्हणतील. म्हणू द्या. तुमच्या संस्थेनेही मेलमध्ये 'परिस्थिती सुधारल्यावर' असंच लिहिलं होतं. पगार माफ झाला असं त्यात कुठेही नाही.

आणि तुम्ही काम केलेलं आहे. ऑक्टोबर 2020 मध्ये विद्यापीठाच्या अंतिम वर्षाच्या ऑनलाइन परीक्षा झाल्या, महाविद्यालयांचे क्लस्टर करून बहुपर्यायी प्रश्नसंच तयार केले गेले. त्या कामाचे मेल, लॉगिन, प्रश्नसंच, झूम आणि गूगल मीटची वेळापत्रकं आत्ताच शोधून काढा. 'काम नाही तर दाम नाही' हा मुद्दा तिथेच संपतो.

संमतीचं बघू. तुम्ही जोडलेल्या स्क्रीनशॉटमध्ये फॉर्मला एकच चौकोन आहे, 'होय'. 'नाही'ला जागाच नाही, शेरा लिहायला रकाना नाही आणि वर लाल अक्षरांत 'आज सायंकाळी 5 पर्यंत भरणे बंधनकारक'. हा स्क्रीनशॉट सोन्यासारखा जपा. मूळ फोन विकला किंवा बदलला असेल तर तो कुठे आहे हे आठवून ठेवा, कारण इलेक्ट्रॉनिक पुराव्याला प्रमाणपत्र लागतं. भरणं बंधनकारक असलेल्या फॉर्मला मुक्त संमती म्हणणं करार कायद्यात अवघड आहे, आणि मालक-नोकराच्या असमान व्यवहारात तर जास्तच. बरं, ती संमती खरी धरली तरी ती कपातीला होती की उशिराने देण्याला, हे मेल आणि फॉर्म एकत्र वाचूनच ठरेल. मेल म्हणतो उरलेला पगार नंतर. त्यामुळे संमतीचा मला फारसा धाक वाटत नाही.

खरी अडचण मुदतीची आहे, आणि ती तुमच्या दोन मागण्यांना सारखी लागू होत नाही. इथे जरा सावकाश वाचा.

पगाराच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत करायचा असतो. कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा सगळा काळ मुदतीतून वगळला. म्हणून तुमची तीन वर्षं 1 मार्च 2022 पासून मोजली, तरी ती फेब्रुवारी 2025 अखेर संपली. हे वाचून हताश होऊ नका, कारण तुमच्या हातात डिसेंबर 2023 चं पत्र आहे. त्यात जावक क्रमांक आहे, 'संस्थेच्या वतीने' असं म्हणून प्राचार्यांची सही आणि गोल शिक्का आहे, आणि मजकूर असा: 'रोखून ठेवलेल्या वेतनाची रक्कम संस्थेची आर्थिक स्थिती सुधारताच टप्प्याटप्प्याने अदा करण्यात येईल.' मुदत कायद्याच्या कलम 18 प्रमाणे मुदत शिल्लक असताना देणं लेखी आणि सहीनिशी मान्य केलं, की त्या दिवसापासून नवी मुदत सुरू होते. 'अजून देण्याची वेळ आलेली नाही' असं त्यात म्हटलं असलं तरी चालतं, हे त्या कलमाच्या स्पष्टीकरणातच आहे. म्हणजे डिसेंबर 2026 पर्यंत तुम्हाला जागा आहे. ज्या सहकाऱ्यांनी 2023 मध्ये अर्ज केला नाही आणि ज्यांना हे पत्र आलं नाही, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांना तुमच्या पत्रावर सहजासहजी विसंबता येणार नाही.

आणखी एक आधार शोधता येईल. तुमची संस्था सार्वजनिक न्यास असेल, तर तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय कार्यालयात जातात आणि ठाण्यात ते कार्यालय आहे. 2020-21 पासूनचे ताळेबंद मागवून घ्या आणि देण्यांच्या बाजूला 'वेतन देय' अशी रक्कम दाखवली आहे का पाहा. सही केलेल्या ताळेबंदातली नोंद देण्याची कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये कंपन्यांच्या बाबतीत म्हटलं आहे. न्यासाच्या बाबतीतही तो युक्तिवाद करता येतो. त्याच बैठकीत तुमचा 2020-21 चा फॉर्म 16 काढून बँकेच्या पासबुकाशेजारी ठेवा. खात्यात साठ टक्के आणि फॉर्म 16 मध्ये शंभर टक्के असं निघालं, तर पुढचं संभाषण फार लवकर आटोपेल.

वेतनवाढीचं वेगळं. पगाराची ठरलेली रक्कम एका काळासाठी कापली, ते तिथे संपलं. पण जुलै 2020 ची वाढ कधी दिलीच नाही, तर त्यानंतरच्या प्रत्येक महिन्याचा पगार चुकीच्या पायावर निघतो आहे. चुकीची वेतननिश्चिती हा दर महिन्याला नव्याने होणारा अन्याय आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये म्हटलं. 2008 मध्ये त्यात भर घातली की असा दावा उशिरा आला तरी ऐकावा, थकबाकी मात्र साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच द्यावी. म्हणून दोन वाढी आजही मूळ पगारात जोडून मिळू शकतात. रकमेचा अंदाज हवा असेल तर मूळ पगार 70,000 धरा. दर वाढ तीन टक्के, म्हणजे दोन वाढींचे महिन्याला 4,200 रुपयांच्या वर, त्यावर महागाई भत्ता वेगळा. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर निघते. दर वर्षाच्या सेवेला 15 दिवसांचा पगार आणि महिना 26 दिवसांचा. 24 वर्षं धरली तर नुसत्या या 4,200 मुळेच ग्रॅच्युइटीत सुमारे 58 हजारांचा फरक पडतो. माझ्या मते तुम्ही कापलेल्या पगारामागे जितक्या लागल्या आहात, तितक्याच या वाढींमागे लागा. निवृत्तीच्या आधी लागा, नंतर नाही.

कुठे जायचं? आधी एक अर्ज थेट महाविद्यालय विकास समितीला आणि संस्थेला. विद्यापीठ कायद्याच्या कलम 97 ची ही समिती वर्षातून किमान चारदा भरायला हवी. महाविद्यालयाचं अंदाजपत्रक तिच्यातून जातं आणि तिच्यावर तुमच्यातलेच निवडून आलेले शिक्षक असतात. एप्रिल 2020 ते मार्च 2021 च्या सभांची इतिवृत्तं मागा. पगारकपातीचा ठराव कधी झाला आणि सभेला कोण हजर होतं, एवढंच विचारा. बहुतेक ठिकाणी असा ठरावच नसतो. अध्यक्षांचा फोन, प्राचार्यांचा मेल, झालं. संस्था माहितीच्या अधिकारात आम्ही येत नाही म्हणाली, तर अर्ज विद्यापीठाकडे करा. संलग्नतेसाठी महाविद्यालयाने विद्यापीठाला जे कागद दिले, ते विद्यापीठाकडून मागता येतात. फी 10 रुपये.

त्यानंतर त्याच कायद्याच्या कलम 79 ची विद्यापीठाची तक्रार निवारण समिती. संलग्न महाविद्यालयांतल्या शिक्षकांच्या ज्या तक्रारी न्यायाधिकरणाच्या कक्षेत येत नाहीत, त्या इथे येतात. न्यायाधिकरण बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती यांसाठी आहे, पगारकपातीसाठी नाही, त्यामुळे तिथे वेळ घालवू नका. मुंबईला उच्च न्यायालयात थेट रिट याचिका करावी असं तुमचा एखादा उत्साही वकील मित्र म्हणेल. खासगी विनाअनुदानित संस्थेविरुद्ध निव्वळ नोकरीच्या करारातल्या वादासाठी रिट चालत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा ऑगस्ट 2022 चा निकाल समोर आहे. पण तक्रार समितीचा अहवाल व्यवस्थापन परिषदेकडे जातो आणि तिथला निर्णय हा विद्यापीठाचा असतो. तो निर्णय चुकीचा असेल तर त्याला उच्च न्यायालयात आव्हान देणं कितीतरी सोपं. म्हणून हा वळसा घ्या.

फक्त एक धोका: समितीपुढे अर्ज पडून आहे म्हणून दिवाणी दाव्याची मुदत थांबत नाही. नुसते अर्ज-विनंत्या करत राहिल्यानेही ती वाढत नाही. डिसेंबर 2026 जवळ येईल आणि समितीचं काही ठरलेलं नसेल, तर बेलापूरच्या न्यायालयात वसुलीचा दावा टाकून ठेवा. खर्चाची काळजी असेल तर ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो, हे अनेक प्राध्यापिकांना माहीत नसतं.

ग्रॅच्युइटी अडवण्याची भीती मी समजू शकतो, पण तो हत्यार म्हणून वापरण्याजोगा पैसा नाही. ती निवृत्तीनंतर 30 दिवसांत द्यायची असते, उशीर झाला तर व्याज लागतं, आणि पगाराची मागणी केली म्हणून ती रोखता येत नाही. तुम्ही ग्रॅच्युइटीच्या कायद्याखाली वेगळी तक्रार करू शकता. शिक्षकांना तो लागू आहे की नाही हा वाद 2022 मध्ये संपला. पीएफमध्ये फारसं काही सापडेल असं वाटत नाही. 15,000 च्या मर्यादेवर कापला जात असेल तर कपातीने फरकच पडलेला नसेल.

निवृत्तीच्या दिवशी लेखा विभागात तुमच्यापुढे एक छापील कागद येईल, 'माझे संस्थेकडे कोणतेही येणे बाकी नाही'. चेक त्याच्याखाली टाचलेला असेल आणि क्लार्क पेन पुढे करेल. सही करायचीच असेल तर तिच्या वर स्वतःच्या हाताने लिहा: 'एप्रिल 2020 ते मार्च 2021 चे रोखलेले वेतन व जुलै 2020, जुलै 2021 च्या वेतनवाढींवरील हक्क राखून'. मग सही करा आणि तिथेच मोबाईलवर फोटो घ्या. ते लिहू देत नसतील तर चेक न घेता परत या आणि त्याच संध्याकाळी प्राचार्यांना तसा मेल पाठवा.