‘सिग्नेचर कन्स्ट्रेंट’ला मराठीत ‘अट’ म्हणावं का?

प्रश्न बडोद्याहून आला आहे. वर्गात मराठी-गुजराती मुलं एकत्र बसतात. ओकॅमल ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवताना मॉड्यूलच्या (टाइप आणि फंक्शनं यांच्या गठ्ठ्याच्या) ‘सिग्नेचर कन्स्ट्रेंट’ला, म्हणजे त्याला कोलननं सिग्नेचर जोडण्याला, ‘सही-बंधन’ म्हणावं, की साधं ‘अट’?

‘सही’ नको. मराठीत आणि गुजरातीतही सही म्हणजे कागदाखाली केलेली सही, आणि मुलांचं डोकं थेट डिजिटल सहीकडे जातं. मॉड्यूलची सिग्नेचर ही यादी असते: बाहेरच्याला कोणते टाइप आणि कोणती फंक्शनं मिळणार त्याची. ‘जाहीर यादी’ म्हटलं की पुरतं.

‘अट’ मात्र निम्म्याच ठिकाणी बसतो. गोंधळ कुठे होतो ते पाहा. ‘अंक’ नावाचं मॉड्यूल केलं; आत टाइप टी = इंट (पूर्णांक) आणि तुलनेचं फंक्शन कम्पेअर. सगळं नीट आहे ना हे तपासायला नावापुढे ‘: सेट.ऑर्डर्डटाइप’ लिहिलं; तुलना करता येणाऱ्या टाइपची ही तयार यादी. मग सेट.मेक(अंक) वापरून संच बनवला. इथवर कंपायलर गप्प. संचात ५ घालायला गेलं की तक्रार येते: हा इंट आहे, मला अंक.टी हवा. अट तर पाळली होती, मग हे काय?

व्याख्येपुढचा कोलन तपासून थांबत नाही, झाकतोही. ऑर्डर्डटाइपच्या यादीत नुसतं ‘टाइप टी’ आहे; तो इंट असल्याचं तिथे लिहिलेलं नाही, म्हणून बाहेरच्याला ते कळत नाही. आता असा संच कुणालाच भरता येणार नाही, कारण अंक.टीची एकही किंमत बाहेर बनवता येत नाही. उपाय दोन: तो कोलन काढून टाका, किंवा यादीपुढे ‘विथ टाइप टी = इंट’ जोडा. इथे = च हवा; := लिहिलंत तर टी यादीतूनच जातो आणि सेट.मेक ते मॉड्यूल घेणार नाही.

फंक्टर म्हणजे मॉड्यूल घेऊन नवं मॉड्यूल देणारा, जसा सेट.मेक. त्याच्या पॅरामीटरपुढचा कोलन उलट वागतो. तिथे आंधळा असतो तो फंक्टरचा आतला भाग. मॉड्यूल देणाऱ्याचं काहीच झाकलं जात नाही. ‘उमेदवार किमान पदवीधर असावा’ या जाहिरातीसारखं: एम.एस्सी. झालेल्याची पदवी अर्ज केल्यानं पुसली जात नाही. ही खरी अट. बडोद्याच्या वर्गात गुजराती ‘शरत’ बेलाशक वापरा, फक्त मराठी मुलांनी ती ‘शर्यत’ ऐकू नये.

म्हणून मी दोन शब्द सुचवेन: पॅरामीटरपाशी ‘अट’, व्याख्येपाशी ‘झाकण’. मुलांना ‘अंकवर झाकण घातलंस’ म्हटलं की चूक कुठे आहे ते लगेच दिसतं. ‘बंधन’ दोन्हीकडे चालतं, आणि म्हणूनच ते टाळावं.

स्वतःचा फंक्टर लिहिताना निकालावरही झाकण बसतं, हे विसरलं जातं. निकालापुढे नुसती यादी लिहिली तर एल्ट, म्हणजे संचातल्या घटकांचा टाइप, तोही झाकला जातो; ‘विथ टाइप एल्ट = एक्स.टी’ लिहावंच लागतं (एक्स म्हणजे फंक्टरचा पॅरामीटर). सेट.मेकच्या निकालात हे लिहिलेलं आहे, म्हणून झाकण नसलेलं अंक दिलं की संच ५ मुकाट घेतो.

कुणी स्टँडर्ड एमएल या ओकॅमलच्या नात्यातल्या भाषेच्या पुस्तकातून शिकवत असेल तर एक इशारा. तिथे व्याख्येपुढचा ‘:’ यादीबाहेरची नावं लपवतो, पण टी इंट आहे हे दिसू देतो. झाकणासाठी १९९७च्या आवृत्तीपासून ‘:>’ ही वेगळी खूण आहे. ओकॅमलचा ‘:’ त्या ‘:>’सारखा वागतो. तिथल्या ‘:’ला ‘जाळी’ म्हणता येईल.