सिमेंटमधलं फ्लोराइड: तेच ते प्रश्न

दात भरायच्या ग्लास आयोनोमर सिमेंटमधून फ्लोराइड निघतं, हे आता बऱ्याच जणांना माहितीये. पण त्याबरोबर ऐकीव गोष्टीही इतक्या पसरल्यात की तेच प्रश्न परत परत येतात.

प्रश्न: मुलीच्या दाढेत हे सिमेंट भरलंय. त्यातलं फ्लोराइड पोटात गेलं तर काही धोका?

नाही, प्रमाण फारच कमी असतं. लक्ष ठेवायचं तर ती टूथपेस्ट किती गिळते त्यावर ठेवा, ३ वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी आणि ३ ते ६ वर्षांत मटारएवढी पेस्ट पुरे.

प्रश्न: माझी सगळी फिलिंग कॉम्पोझिटची, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनची आहेत. ती काढून फ्लोराइडवाली बसवू का?

अजिबात नको. नीट बसलेलं फिलिंग काढलं की दरवेळी थोडा चांगला दातही जातो.

प्रश्न: हे सिमेंट पेस्टमधून फ्लोराइड घेऊन रिचार्ज होतं म्हणे, म्हणजे त्या दाताला परत कीड लागणारच नाही ना? एका ठिकाणी ‘आयुष्यभर संरक्षण’ असंही सांगितलं.

ज्यांनी सांगितलं त्यांनी अर्धीच गोष्ट सांगितली, आणि याच अर्ध्या गोष्टीपायी लोक ब्रश करायचा कंटाळा करतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. या सिमेंटमध्ये फ्लोराइड असलेल्या काचेची पावडर आणि पॉलिॲक्रिलिक ॲसिड असतं, विल्सन आणि केंट या दोघांनी १९७०च्या आसपास ते तयार केलं. भरल्यावर पहिले एक-दोन दिवस फ्लोराइड भरपूर निघतं, मग झपाट्याने कमी होतं, आणि पुढे वर्षानुवर्षं निघत राहतं खरं पण अगदी थोडं थोडं. पेस्ट, जेल किंवा व्हार्निश (दातावर लावायचा फ्लोराइडचा लेप) लागलं की सिमेंट त्यातलं थोडं फ्लोराइड शोषतं आणि परत सोडतं, पण त्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच निघून जातं, चार-पाच दिवसांत परत जैसे थे. म्हणजे रोज ब्रश केला तर रिचार्ज, नाही केला तर काही नाही, मग सिमेंटचं एवढं कौतुक कशाला? लॅबमध्ये सिमेंटच्या कडेच्या दातातली खनिजं कमी विरघळतात हे दिसलंय, पण प्रत्यक्ष तोंडात नवी कीड किती थांबते याचे निकाल एकसारखे नाहीत. आणि कॉम्पोमर, जायोमर (कॉम्पोझिट आणि ग्लास आयोनोमर यांच्या मधली फिलिंगची मटेरियल) यांच्यावरही ‘फ्लोराइड’ लिहिलेलं असतं, पण ते साध्या ग्लास आयोनोमरपेक्षा कमी सोडतात, तेव्हा नुसता शब्द वाचून भुलू नका. १००० ते १५०० पीपीएम (म्हणजे दहा लाख भागांत तेवढे भाग) फ्लोराइडची पेस्ट दिवसातून दोनदा वापरा, नंतर पेस्ट थुंका आणि खळखळून चूळ भरू नका. तुमच्या तोंडात कीड जास्त लागते का, लाळ कमी आहे का, यावर मटेरियल ठरतं, ते तुमच्या डेंटिस्टने तोंड बघूनच ठरवावं.

प्रश्न: मग रिचार्जसाठी फ्लोराइड जेल मागवून घरीच लावू का?

स्वतःहून नको. काही जेल आम्लयुक्त असतात, ती वारंवार लावली की याच सिमेंटचा पृष्ठभाग खडबडीत होतो, सिरॅमिकच्या कॅपलाही त्रास होतो. अशा वेळी न्यूट्रल सोडियम फ्लोराइड बरं, पण कुठलं, किती वेळा आणि मुळात लागतं का, हे डेंटिस्टला विचारा.

प्रश्न: दोन दाढांमधल्या फिलिंगपाशी फ्लॉस दरवेळी अडकून तुटतो, अन्नही अडकतं. सहा महिने झाले, दुखत नाही. फ्लोराइडवालं आहे, तर थांबू ना?

सहा महिने आधीच खूप झाले! फ्लॉस त्याच जागी तुटतोय म्हणजे बहुतेक तिथली कड तुटलीये किंवा फट पडलीये, आणि दोन दातांमधली हिरडीजवळची कड हीच कीड परत लागायची नेहमीची जागा. तिथे वरून काही दिसत नाही, म्हणून एक्स-रे लागतो. सिमेंटमधलं फ्लोराइड ती फट बुजवत नाही आणि दुखायला लागेपर्यंत कीड बऱ्याचदा नसेजवळ पोचलेली असते, मग फिलिंगवर भागत नाही, रूट कॅनाल करावं लागतं. याच आठवड्यात अपॉइंटमेंट घ्या, आणि फ्लॉस नेमका कुठे तुटतो ते डेंटिस्टला दाखवा.