वाचकांचे प्रश्न : स्मूथ जॅझचे विसरलेले वादक

‘वाइनलाइट’ ही रेकॉर्ड आणि सॅक्सोफोनवादक केनी जी यांच्यापुढे गाडी सरकत नाही. गाण्यांच्या ॲपवर ‘स्मूथ जॅझ’ (मऊ, सोल-फंककडे झुकणारं जॅझ) टाकलं की पावसाचा आवाज आणि कॅफेतलं निनावी संगीत येतं. जुने, मागे पडलेले वादक शोधायचे कसे? – एक वाचक, सांगली

आधी शोधाच्या चौकटीतून ‘स्मूथ जॅझ’ हे शब्द काढून टाका. १९७० च्या दशकात हे संगीत ध्वनिमुद्रित होत होतं तेव्हा दुकानात त्या नावाचा खणच नव्हता. हे नाव रूढ केलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकन रेडिओने. लॉस एंजलिसचं ‘द वेव्ह’ हे स्टेशन फेब्रुवारी १९८७ मध्ये एका रॉक स्टेशनच्या जागी सुरू झालं आणि पुढे गावोगावी तशी स्टेशनं निघाली. त्याआधीच्या रेकॉर्ड सोल, फंक किंवा फ्यूजनच्या खणात गेल्या आणि अजूनही तिथेच पडून आहेत. म्हणून प्रकाराऐवजी लेबलचं, म्हणजे रेकॉर्ड कंपनीचं, नाव टाका : सीटीआय, तिचंच उपलेबल कुडू, टॅपन झी, सत्तरच्या दशकातलं ब्लू नोट.

दुसरी आणि जास्त भरवशाची वाट म्हणजे साथीदार. आपल्याकडे मैफलीच्या जाहिरातीत तबल्याला कोण, पेटीला कोण हे छापलेलं असतं आणि जाणकार आधी तेच वाचतात. इथेही तेच करायचं. सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टन ज्युनिअर यांच्या ‘वाइनलाइट’ (१९८०) वर ड्रम्स स्टीव्ह गॅड, बास मार्कस मिलर, गिटार एरिक गेल, कीबोर्ड रिचर्ड टी आणि तालवाद्यं राल्फ मॅकडॉनल्ड यांची आहेत. यातला मॅकडॉनल्ड हा धागा आधी ओढा. ‘जस्ट द टू ऑफ अस’च्या तीन रचनाकारांपैकी तो एक, आणि पाच वर्षांपूर्वीचं ‘मिस्टर मॅजिक’ही त्याचं आणि विल्यम सॉल्टरचं. वडील कॅलिप्सो गायक, स्वतः तरुणपणी गायक हॅरी बेलाफॉन्टेच्या वाद्यवृंदात; त्यामुळे त्याच्या हातात कॅरिबियन ताल मुरलेला. त्याच्या स्वतःच्या नावावरच्या ‘साउंड ऑफ अ ड्रम’ (१९७६) आणि ‘द पाथ’ (१९७८) या रेकॉर्ड आज फारसं कुणी काढत नाही. पण पहिलीतलं ‘कॅलिप्सो ब्रेकडाउन’ ‘सॅटर्डे नाइट फीव्हर’ या चित्रपटाच्या संगीतात असल्यामुळे लाखो घरांत वाजलं, वादकाचं नाव माहीत नसतानाच.

मग एरिक गेल. गेल, टी आणि गॅड हे तिघे ‘स्टफ’ नावाच्या न्यूयॉर्कच्या बँडमध्ये होते. त्यांची पहिली रेकॉर्ड १९७६ ची. गेलची स्वतःची ‘जिनसेंग वुमन’ १९७७ ची. तिचा निर्माता बॉब जेम्स, आणि सीटीआय-कुडूवरच्या ग्रोव्हरच्या सुरुवातीच्या रेकॉर्डची वाद्यरचनाही त्याचीच. म्हणजे एका कव्हरच्या मागच्या बाजूपासून चार टप्प्यांत पुन्हा ग्रोव्हरपाशीच येतो आपण, पण वाटेत हातात पंधरा-वीस रेकॉर्ड पडलेल्या असतात.

तिसरी वाट रचनाकाराची. गिटारवादक जॉर्ज बेन्सनचं ‘ब्रीझिन’ (१९७६) सगळ्यांना पाठ. ती रचना बॉबी वोमॅकची, आणि बेन्सनच्या पाच वर्षं आधी हंगेरियन गिटारवादक गाबोर साबो याने ती वोमॅकलाच सोबत घेऊन ‘हाय कॉन्ट्रास्ट’ (१९७१) वर वाजवली होती. दोन्हींचा निर्माता टॉमी लिपुमा. दोन्ही पाठोपाठ ऐका. बेन्सनच्या आवृत्तीला व्हायोलिनांचं अस्तर लावलेलं आहे; साबोची गिटार कोरडी, थोडी खरखरीत, स्वर लोंबत ठेवणारी. याच साबोने साठच्या दशकात ‘जॅझ रागा’ या रेकॉर्डवर सतारही हाती घेतली होती. सतार म्हणून ती कच्चीच आहे, कौतुकाने ऐकायची एवढंच.

ॲपवर ‘क्रेडिट्स’मध्ये बऱ्याचदा फक्त गीतकार-निर्माते असतात, सगळे साथीदार नसतात. त्यासाठी डिस्कॉग्ज या रेकॉर्डच्या सूचीच्या संकेतस्थळावर त्या रेकॉर्डच्या सर्वांत जुन्या आवृत्तीचं पान उघडा आणि वादकाच्या नावावर टिचकी मारा. उशिराच्या सीडी आवृत्त्यांच्या पानांवर ही यादी बऱ्याचदा अर्धवट भरलेली असते.

सोप्रानो सॅक्सोफोन ऐकला की तो केनी जीच वाटतो. दुसरं कोण ऐकावं? – एक वाचक, डोंबिवली

जॉर्ज हॉवर्ड. फिलाडेल्फियाचा, १९७९ मध्ये ग्रोव्हरबरोबर दौऱ्यावर गेलेला. ‘अस्फाल्ट गार्डन्स’ (१९८२) पासून सुरुवात करा, मग ‘डान्सिंग इन द सन’ (१९८५). केनी जी लांब श्वासाचा एकच सूर ताणून धरतो. हॉवर्ड वाक्य लवकर तोडतो आणि मोकळ्या जागेत बासला बोलू देतो. १९९८ मध्ये तो गेला, चाळिशी नुकतीच ओलांडलेली.

आर्ट पोर्टर ज्युनिअर मुख्यतः आल्टो सॅक्सोफोन वाजवायचा, पण सोप्रानोही हाताळायचा. हा अर्कान्सासचा. लहानपणी वडिलांच्या बँडबरोबर दारू मिळणाऱ्या ठिकाणी वाजवायचा, त्यावरून कायद्याचा पेच झाला आणि पालक सोबत असतील तर अल्पवयीन कलाकाराला तिथे काम करता येईल असा कायदा त्या राज्याने केला. हा कायदा पोर्टरच्याच नावाने ओळखला जातो. व्हर्व्ह या लेबलवर चार रेकॉर्ड, ‘पॉकेट सिटी’ (१९९२) पहिली. १९९६ मध्ये थायलंडमधल्या एका जॅझ महोत्सवानंतर होडी उलटून तो बुडाला. दोघांच्याही मागे नव्या रेकॉर्ड काढणारं, मुलाखती देणारं कुणी राहिलं नाही. रेडिओच्या यादीतून नाव गळायला तेवढं पुरतं.

पुण्याच्या जुन्या बाजारात सीटीआयची एक रेकॉर्ड दिसली. मूळ छपाई आहे की नंतरची, हे कसं ओळखायचं? घ्यावी का? – एक वाचक, पिंपरी

कव्हरवर विसंबू नका. रेकॉर्ड उजेडात तिरकी धरून शेवटच्या गाण्यानंतरची, मधल्या कागदी लेबलभोवतीची गुळगुळीत पट्टी बघा. सीटीआय आणि कुडूची बहुतेक कामं न्यू जर्सीतल्या एंगलवुड क्लिफ्सच्या रूडी व्हॅन गेल्डर यांच्या स्टुडिओत झाली आणि मूळ अमेरिकन छपाईवर त्या पट्टीत ‘व्हॅन गेल्डर’ असा ठसा असतो. ठसा नसेल तर ती बहुधा नंतरची किंवा दुसऱ्या देशातली छपाई. नंतरच्या छपाया बऱ्याच असण्याचं कारणही आहे : सीटीआय १९७८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि तिचा माल वेगवेगळ्या हातांत विखुरला. ग्रोव्हरच्या कुडूवरच्या रेकॉर्ड पुढे मोटाउन या दुसऱ्या कंपनीच्या लेबलवर दिसतात. मोटाउनची प्रत खोटी नाही, फक्त पहिली नाही. ऐकायलाच घेत असाल तर तिच्यासाठी कमी पैसे मोजा आणि खुशाल घ्या.

घेताना तीन गोष्टी तपासा. नखाला लागणारी चीर असेल तर ती ठकठक वाजणारच. नुसती दिसणारी, नखाला न लागणारी चीर बहुधा सुईला जाणवत नाही. पांढरे ठिपके म्हणजे बुरशी, ती बव्हंशी धुतली जाते. पण खाचा राखट दिसत असतील तर आधीच्या मालकाने झिजलेल्या सुईने ती खरवडलेली आहे. त्याला औषध नाही. प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं लेबलजवळ असतं, तिथे खाच एका फेऱ्यात कमी लांबीची पडते, म्हणून सॅक्सोफोनचे वरचे सूर तिथेच आधी फाटतात. दुकानात वाजवून बघायला मिळालं तर सुई पहिल्या गाण्यावर नव्हे, शेवटच्या गाण्यावर ठेवायला सांगा.

वडिलांच्या नव्वदच्या दशकातल्या चाळीसेक कॅसेट आहेत : बेन्सन, अर्ल क्लू, जो सॅम्पल. काही दुकानातल्या, काही मित्रांकडून भरून घेतलेल्या. संगणकावर कशा घ्यायच्या? – एक वाचक, रत्नागिरी

कोकणातल्या कॅसेट म्हणजे पहिला प्रश्न बुरशीचा. खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड बघा. पांढरी पूड दिसली तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका. हेडमधून (टेप वाचणाऱ्या भागातून) बुरशी पुढच्या सगळ्या कॅसेटना लागते. सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवा, मग एखाद्या टाकाऊ प्लेअरवर पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवून घ्या.

मग टेपमागची पितळी पट्टी आणि तिच्यावरचा फेल्टचा तुकडा बघा. त्याचा गोंद सुकून तो गळून पडतो आणि आवाज दबका, खालीवर होणारा येतो. स्क्रूची कॅसेट असेल तर पाच स्क्रू काढून दुसऱ्या कॅसेटची पट्टी बसवा. चिकटवलेली असेल तर सांध्यावरून पातळ पात्याने उकलून टेपच नव्या खोक्यात हलवावी लागते.

डेकचं हेड, कॅप्स्टन (टेप ओढणारी धातूची दांडी) आणि रबरी रोलर प्रत्येक चार-पाच कॅसेटनंतर पुसा. हेड आणि कॅप्स्टनला ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल. रबराला नुसतं ओलसर कापड, कारण अल्कोहोलने रबर कोरडं पडतं.

आता ज्यात बहुतेक जण चुकतात ते. कॅसेट ज्या डेकवर भरली त्याच्या हेडचा कोन आणि तुमच्या डेकचा कोन सारखा नसतो. त्यामुळे झांजा आणि सॅक्सोफोनमधली हवा नाहीशी होते आणि माणूस म्हणतो ‘टेप जुनी झाली’. हेडशेजारचा छोटा स्क्रू (आधी त्याची मूळ जागा खूण करून ठेवा) आवाज मोनोवर टाकून हळूहळू, पाव फेऱ्याच्या आत फिरवा. वरचे सूर एकदम उघडतात ती जागा बरोबर. हे करताना डॉल्बी (टेपची सरसर कमी करणारी डेकमधली सोय) बंद ठेवा. कोन चुकलेला असताना डॉल्बी लावलं तर ते उरलेला उजेडही दाबून टाकतं. कोन जुळल्यावर, कॅसेटवर दोन उलटसुलट ‘डी’ची खूण असेल तरच डॉल्बी बी लावा. मित्राने भरलेल्या कॅसेटवर खूण नसेल तर दोन्ही तऱ्हांनी ऐका.

संगणकात २४ बिट, ४४.१ किलोहर्ट्झवर घ्या. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. ६० मिनिटांच्या कॅसेटची वेव्ह फाइल साधारण ९५० एमबी होते, फ्लॅकमध्ये (दर्जा न घालवता फाइल आवळणाऱ्या प्रकारात) त्याहून बरीच लहान. सरसर काढण्याचं फिल्टर लावू नका, निदान मूळ प्रतीवर नाही. क्लूच्या गिटारच्या नायलॉनच्या तारांवर बोट घासल्याचा आवाज आणि टेपची सरसर हे फिल्टरला सारखेच वाटतात.

वेग तपासायला एक गाणं ॲपवरच्या त्याच आवृत्तीशी ताडून बघा. ३४० सेकंदांचं गाणं ३५० सेकंद चाललं तर डेक सुमारे तीन टक्के हळू आहे, म्हणजे कोमल आणि शुद्ध स्वरातल्या अंतराच्या जवळजवळ निम्म्याने खाली. पट्टा सैल झालेला असतो, तो बदला. संगणकावर वेग वाढवून भागतं, पण सैल पट्ट्याचा हेलकावा तसाच राहतो. पियानोच्या लांब सुरात तो लगेच कळतो, आणि तुमच्या ढिगात पियानोवादक जो सॅम्पलही आहे.

ॲपवरचं गाणं आठवणीतल्यापेक्षा तोकडं वाटतं. मलाच भास होतोय का? – एक वाचक, बडोदा

नाही. संकलनांमध्ये बऱ्याचदा रेडिओसाठी कापलेली आवृत्ती घालतात. बेन्सनचं ‘धिस मास्करेड’ मूळ रेकॉर्डवर आठ मिनिटांचं आहे, सिंगलवर (सुट्या गाण्याच्या छोट्या रेकॉर्डवर) सव्वातीनच्या आसपास. चक मँजोनीचं ‘फील्स सो गुड’ (१९७७) साडेनऊ मिनिटांच्या वर आहे, सिंगल साडेतीनच्या घरात. कापलं काय जातं तर मधलं सोलो वादन. कालावधी बघूनच गाणं जतन करा. आणि ‘फील्स सो गुड’ याच नावाची ग्रोव्हरची १९७५ ची वेगळी रेकॉर्ड आहे, तिच्याशी गल्लत करू नका.

यात आपल्याकडचं कुणी? – एक वाचक, मडगाव

ताणूनताणून ‘स्मूथ’ म्हणावं असं नाव देणार नाही. पण विसरलेल्यांत हक्काने बसतो तो आमान्सिओ डिसिल्वा, गोवन कुटुंबात मुंबईत जन्मलेला गिटारवादक, पुढे लंडनला स्थायिक. १९६९ मधली ‘इंटिग्रेशन’, आणि सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरची ‘हम दोनो’. दुसरीवर इयन कारचा ट्रम्पेट आणि नॉर्मा विन्स्टनचा शब्दांवाचूनचा आवाज आहे. दोन्ही पुष्कळ वर्षं बाजारात नव्हत्या, आता पुन्हा निघाल्या आहेत. आधी ‘इंटिग्रेशन’ ऐका. हॅरियटची धार अंगावर येते, तिची सवय लागायला वेळ लागतो.