खेड्यातल्या बायका समुपदेशन केंद्रात जातच नाहीत, मग सरकारनं त्यावर पैसा का घालवावा?

जात नाहीत हे तुम्हाला कुणी सांगितलं? मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, मागच्या दहा बाय दहाच्या खोलीत मी अकरा वर्षं समुपदेशक म्हणून बसले. घरात मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठीचं हे केंद्र एका संस्थेचं, मानधन सरकारी अनुदानातून. बायका येतात. कधी येतात, ते माहीत असावं लागतं.

आमच्याकडे त्या मंगळवारी यायच्या, बाजाराच्या दिवशी. एरवी घरातून निघायला कारण लागतं. मंगळवारी हातात पिशवी असली की कुणी विचारत नाही. बाजार उरकायचा, ठाण्याच्या मागच्या दारानं आत यायचं, चारच्या एसटीला परत. बाईच्या हातात जेमतेम तास-दीड तास.

एका वर्षी सात महिने अनुदान आलं नाही. सोबतची ताई कंटाळून सोडून गेली. अनुदानाच्याच कामासाठी मला जिल्ह्याला बोलावलं, ते नेमकं मंगळवारी. खोलीला कुलूप. दुसऱ्या दिवशी समोरच्या चहाच्या टपरीवरल्या मावशी म्हणाल्या, "एक पोरगी येऊन गेली, कडेवर लेकरू होतं. लई वेळ पायरीवर बसली. तिची चारची गाडी बी हुकली." पायरीवर मेथीची एक जुडी पडली होती, सुकलेली.

नऊ मंगळवार ती आली नाही. दहाव्याला आली तेव्हा डावा हात गळ्यात. मनगट त्या कुलपाच्या दिवशीच मोडलं होतं. बाजारातून उशिरा आली आणि भाजीही विसरली, म्हणून. ते कुलूप मी लावलं होतं. आज इतकी वर्षं झाली तरी मेथी निवडायला बसले की हात थांबतो.

मग आम्ही कौटुंबिक घटना अहवाल, म्हणजे तिच्यावर झालेल्या हिंसेची लेखी नोंद, भरला, अशा प्रकरणांसाठी सरकारनं नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यामार्फत अर्ज न्यायालयात गेला. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा म्हणतो, पहिली तारीख तीन दिवसांच्या आत, निकाल त्या तारखेपासून साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न. तिला चौदा महिने लागले. मधे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, त्यामुळे सहा महिने ती नवऱ्याबरोबरच ऊसतोडीला, कोयत्यावर. फडावरून तारखेला यायचं भाडं कोणी द्यायचं? दोनदा मी दिलं, तेही मानधन थकलेलं असताना.

आमचे मोठे भाऊजी गावचे माजी सरपंच. ते आजही म्हणतात, "असली भांडणं भावकी मिटवायची, फुकटात. तुमच्या खोलीला पगार कशाला?" भाऊजी, या पोरीची बैठक भावकीनं दोनदा घेतली होती. पंचांत तिचा चुलतसासरा. दोन्ही वेळा तिलाच समजावून परत पाठवलं. याला मिटवणं म्हणत नाहीत. आणि तुमच्याच काळात ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला महिला व बालकल्याणाचा दहा टक्के निधी कशावर गेला, ते मी पाहिलंय. खुर्च्या आणि सतरंज्या. त्यातून एका बाईचं एसटीचं भाडं कधी निघालं नाही.

तुमच्या प्रश्नाचं बोलायचं तर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) देशातल्या २९ टक्के विवाहित स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलंय, आणि मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभरातल्या चौदाच जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली. म्हणून पैसा लागतो. २०१५ पासून केंद्राच्या पैशातून सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा सोसलेल्या बाईला एकाच छताखाली मदत देणारी केंद्रं, निघाली, १८१ ही बायकांसाठीची हेल्पलाइन आहे. पण सखी बहुतेक ठिकाणी जिल्ह्याच्या गावी असते. आमच्या शेवटच्या वाडीहून ते नव्वद किलोमीटर, दोन गाड्या बदलून. नवऱ्याच्या मोबाइलवरून १८१ लावायचा कसा, हेही एकदा सांगा. पैसा तालुक्याला आला पाहिजे, आणि सगळ्यात आधी वेळेवरच्या मानधनात गेला पाहिजे. इमारत नसली तरी चालतं.

सगळी केंद्रं चांगली चालतात असं मी म्हणत नाही. काही ठिकाणी तडजोडींचा आकडा दाखवायला बाईला परत नांदायला ढकलतात, ते मी बघितलंय. तिथला पैसा जरूर थांबवा. आमच्या ठाण्यातले दोन फौजदार तर माझ्याआधी बाईला पाणी विचारायचे, हेही खरं.

ती पोरगी आता माहेरी असते. मंगळवारच्या बाजारात भाजीच विकते. तुमच्या तालुक्याला केंद्र असेल तर बाजाराच्या दिवशी दुपारी एकदा जाऊन बघा, दार उघडं असतं का.